धंदा आणि सेल्ससाठी रोजच्या सवयी: चौकशी, फॉलो-अप आणि वसुली मोबाईलवर कशी सांभाळायची?



यूट्यूबवर "यशस्वी उद्योजकांच्या सवयी" असं शोधून बघा. पहाटे चारला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, वर्षाला पन्नास पुस्तकं वाचा... बघताना बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा आठलाच उठतो. माझं स्पष्ट मत सांगतो, पहाटे उठण्याचा आणि ऑर्डर मिळण्याचा फारसा संबंध नाही. कराडला माझा मावसभाऊ सोलर वॉटर हीटर आणि इन्व्हर्टर बसवून देतो. तो लहानपणापासून पाचला उठतो, कामाला वाघ आहे, त्याच्या फिटिंगला कुणी नाव ठेवत नाही. तरी दोन वर्षांपूर्वी दुकान बंद करून एमआयडीसीत नोकरी बघायची वेळ त्याच्यावर आली होती. दुकानाचं भाडं, गाडीचा हप्ता आणि हेल्परचा पगार एवढं भागवून घरी द्यायला काही उरत नव्हतं.

त्या दिवाळीत आम्ही दोघं त्याचा मोबाईल घेऊन बसलो आणि मागच्या तीन महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकश्या मोजल्या. ६१ निघाल्या. त्यातल्या १९ जणांना त्याने कोटेशनच पाठवलं नव्हतं. उरलेल्या ४२ जणांना पाठवलं, पण त्यातल्या २४ जणांना नंतर एकदाही फोन नाही. मी विचारलं, "फोन का नाही केलास?" तर म्हणाला, "दादा, त्यांना घ्यायचं असतं तर त्यांनीच केला असता की."

या एका वाक्यात बऱ्याच छोट्या धंद्यांचं दुखणं आहे. जाहिरात कमी पडत नाही, गिऱ्हाईक येत असतं. ते आल्यानंतर आपण काय करतो, तिथे गळती असते. आजच्या लेखात आपण याच गळतीवर बोलूया. दुकान असो, एलआयसीची एजन्सी असो की कंपनीतली सेल्सची नोकरी, गोष्टी फार वेगळ्या नाहीत.

पहिला तास

हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांच्या वेबसाईटवर चौकशी टाकायची आणि उत्तर कधी येतं ते बघायचं, असा साधा प्रयोग. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात उत्तर दिलं, २३ टक्के कंपन्यांनी कधीच दिलं नाही. त्याच लेखात दुसरी एक मोठी पाहणी होती. तासाच्या आत संपर्क करणाऱ्यांचं गिऱ्हाइकाशी खरं बोलणं होण्याचं प्रमाण, एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होतं. २४ तास थांबणाऱ्यांशी तुलना केली तर साठपटीहून जास्त.

हे आकडे अमेरिकेतले आणि ऑनलाईन चौकश्यांचे आहेत, आपल्याकडे तंतोतंत तेच असतील असं नाही. पण कारण सगळीकडे एकच आहे. गिऱ्हाईक जेव्हा मेसेज टाकतं तेव्हा तो विषय त्याच्या डोक्यात ताजा असतो, आणि त्याच वेळी त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलेलं असतं. जो आधी नीट बोलतो, त्याच्याच भाषेत ते पुढे विचार करायला लागतं. नंतर येणाऱ्याला "तो तर असं म्हणाला" हे ऐकावं लागतं.

आता अडचण अशी की माझा भाऊ तेव्हा कुणाच्या तरी गच्चीवर पाईपला टेफ्लॉन टेप गुंडाळत असतो. तासाभरात उत्तर कसं द्यायचं? इथे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस कामाला येतं. हे अ‍ॅप फुकट आहे. सेटिंगमध्ये बिझनेस टूल्समध्ये ग्रीटिंग मेसेज, अवे मेसेज आणि क्विक रिप्लाय असे तीन प्रकार मिळतात. ग्रीटिंग मेसेज नव्या माणसाने पहिल्यांदा लिहिलं की आपोआप जातो. अवे मेसेज तुम्ही ठरवलेल्या वेळेत जातो. आणि क्विक रिप्लाय म्हणजे आधी लिहून ठेवलेलं उत्तर, मेसेजच्या जागी तिरकी रेघ टाइप केली की यादी समोर येते.

पण एक चूक जवळपास सगळेच करतात. "आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच उत्तर देऊ" हा तयार मेसेज तसाच ठेवतात. हे उत्तर नाही, ही पोच झाली. भावाने त्याच्या जागी काय लिहिलं बघा: "नमस्कार. मी आत्ता फिटिंगवर आहे, संध्याकाळी ५ ते ६ मध्ये तुम्हाला फोन करतो. तोपर्यंत घरात माणसं किती आणि गच्चीवरच्या टाकीचा एक फोटो पाठवलात तर कोटेशन लगेच देता येईल." यात वेळ ठरली, आणि गिऱ्हाइकाला करायला एक छोटं काम मिळालं. ज्याने टाकीचा फोटो पाठवला, त्याला खरंच घ्यायचं आहे हेही आपल्याला कळलं.

अर्थात ५ ते ६ लिहिलं तर ५ ते ६ मध्ये फोन झाला पाहिजे. नाहीतर हा मेसेज न पाठवलेला बरा.

फोन ठेवला की दोन ओळी

हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. तासाभरात अर्ध्याहून जास्त गेलेलं असायचं. गिऱ्हाइकाचं बोलणं निरर्थक नसतं, त्यामुळे ते इतक्या वेगाने जात नाही. पण दिवसात आठ फोन झाले की कुणाच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे आणि कुणाची टाकी पाचशे लिटरची आहे, याची रात्रीपर्यंत खिचडी होतेच.

म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळी लिहायच्या. टायपिंगचा कंटाळा येतो हे मान्य. जीबोर्डवर मराठी भाषा जोडून माईकचं बटण दाबा आणि बोला, आता ते बऱ्यापैकी बरोबर लिहितं. काय लिहायचं? त्यांना काय हवंय, ते कशावर अडलेत आणि पुढचा फोन कधी. शक्य तिथे त्यांचेच शब्द. "किंमत जास्त वाटते" असं लिहू नका. ते जर म्हणाले असतील की "शेजाऱ्यांचं तीन वर्षांत गळायला लागलं", तर तेच लिहा. पुढच्या वेळी तुम्ही किमतीत सूट देत बसाल आणि त्यांना भीती आहे गळतीची!

नोंद कुठे ठेवायची यावर लोक फार डोकं घालवतात. सीआरएम सॉफ्टवेअर घेऊ का, हा प्रश्न मला नेहमी येतो. महिन्याला शंभरच्या आत चौकश्या असतील तर माझं उत्तर नाही असंच असतं. गुगल शीट पुरते. नाव, फोन, गाव, काय हवंय, कशावर अडलंय, पुढची तारीख, एवढे रकाने. यातला खरा जीव "पुढची तारीख" या रकान्यात आहे. ऑर्डर मिळाली किंवा कायमचा नकार आला, हे दोन प्रसंग सोडले तर हा रकाना कधीच रिकामा ठेवायचा नाही. एकदा कॉम्प्युटरवर शीट उघडून फॉरमॅट मेनूमधल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, आजच्या आधीची तारीख असेल तर घर लाल करा, अशी अट लावून ठेवा. मग सकाळी मोबाईलवर शीट उघडली की राहून गेलेलं लाल दिसतं.

शीट जमतच नसेल तर आणखी गावरान उपाय आहे. नंबर सेव्ह करतानाच नावात माहिती घालायची: "पाटील सर ओगलेवाडी सोलर २०० लि". फोन आला की स्क्रीनवर सगळी कुंडली. सोबत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधली लेबलं वापरा, "कोटेशन दिलं", "फोन करायचा", "पैसे येणे", बस. माझ्या ओळखीच्या एका विमा एजंट ताई तर अजून डायरीच वापरतात आणि त्यांचं एकही नूतनीकरण चुकत नाही. साधन कुठलंही चालेल, दोन साधनं मात्र नकोत. निम्मी माहिती डायरीत आणि निम्मी मोबाईलवर असली की दोन्हींवरचा विश्वास जातो.

फॉलो-अप म्हणजे मागे लागणं नव्हे

इथे आपला मराठी माणूस अडखळतो. परत फोन केला तर लाचारी वाटेल, असं आपल्याला आतून वाटत असतं. भावालाही तेच वाटत होतं. शेवटी त्या दिवाळीत मी समोर बसून त्याला त्या २४ जणांना फोन करायला लावले. १३ जणांनी दुसरीकडून घेतलं होतं. चौघांनी फोन उचलला नाही, चौघांनी विचार सोडला होता. तीन ऑर्डर तिथल्या तिथे मिळाल्या. पण त्याच्या डोक्यात बसला तो एका निवृत्त शिक्षिकेचा फोन. त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही तुमचीच वाट बघत होतो. मग तुमच्याकडे वेळ नसेल असं वाटलं, जावयांनी दुसरीकडून आणलं." दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसली होती.

या बाबतीत जो गिरार्ड हा माणूस माहीत असावा असा आहे. अमेरिकेत डेट्रॉईटजवळच्या एका शेवरलेच्या शोरूममध्ये तो सेल्समन होता. १९६३ ते १९७८ या काळात त्याने १३,००१ गाड्या विकल्या, त्याही किरकोळीत, एकेका गिऱ्हाइकाला एकेक. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याची सवय काय, तर आपल्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला एक शुभेच्छा कार्ड पाठवायचं. त्याचं म्हणणं होतं की प्रत्येक माणसाच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला साधारण अडीचशे माणसं येतात, म्हणजे एक गिऱ्हाईक नाराज केलं तर अडीचशे घरं गेली. आपल्याकडे लग्नाला हजार माणसं येतात, त्यामुळे हिशेब अजूनच कडक आहे.

पण दुसरी बाजूही बघूया. फ्रँक बेटगर हा आधी बेसबॉल खेळाडू होता, हाताच्या दुखापतीने खेळ सुटला आणि फिलाडेल्फियात विमा विकू लागला. त्याने आपल्या भेटींची नोंद ठेवली होती. ती तपासल्यावर त्याला दिसलं की ७० टक्के विक्री पहिल्याच भेटीत झाली, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि फक्त ७ टक्के तिसऱ्या किंवा त्यानंतरच्या भेटीत. आणि वेळ? जवळपास अर्धा वेळ त्या ७ टक्क्यांवर जात होता. त्याने तिसरी भेट बंद केली आणि तो वेळ नव्या लोकांना दिला.

मग गिरार्ड बरोबर की बेटगर? मला विचाराल तर दोघंही बरोबर, कारण दोघांनी आपापल्या धंद्याची नोंद ठेवली होती. इंटरनेटवर "८० टक्के विक्री पाचव्या फॉलो-अपनंतर होते" असं रंगीत चित्र फिरत असतं. त्या आकड्यामागचा मूळ अभ्यास कुणी दाखवत नाही, त्याच्या नादी लागू नका. तुमच्या शीटमध्ये सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की तुमचा आकडा तुम्हालाच दिसेल. भावाच्या शीटमध्ये दिसलं की बहुतेक ऑर्डर दुसऱ्या-तिसऱ्या फोनला पक्क्या होतात आणि चौथ्यानंतर जवळजवळ काही नाही. म्हणून त्याचं ठरलंय: कोटेशन त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी "मिळालं का, काही शंका आहे का" एवढाच फोन, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या. त्यानंतर तो माणूस "नंतर" या लेबलात जातो. सोलरवाल्यांना थंडीच्या आधी ऑक्टोबरमध्ये आणि इन्व्हर्टरवाल्यांना मार्चमध्ये एक फोन, बस.

आणि फोन करून "मग काय ठरलं?" असं विचारायचं नाही. या प्रश्नाने समोरचा माणूस कोंडीत सापडतो आणि पुढच्या वेळी फोन उचलत नाही. दर वेळी काहीतरी नवं घेऊन जायचं. त्यांच्याच गल्लीत बसवलेल्या हीटरचा फोटो (घरमालकाला विचारून, हं), हप्त्यांची सोय, किंवा मागच्या वेळी त्यांनी विचारलेल्या शंकेचं उत्तर.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ज्यांनी तुमच्याकडे चौकशी केली त्यांना फोन करणं वेगळं आणि कुठून तरी नंबरांची यादी आणून सरसकट फोन मारणं वेगळं. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार साध्या दहा आकडी नंबरावरून असे जाहिरातीचे फोन करता येत नाहीत, त्यासाठी नोंदणी आणि १४० ने सुरू होणारे नंबर लागतात. लोक १९०९ वर तक्रार करतात आणि नंबर बंद होऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच, खूप जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं की खातं जातं. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज तर तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, तेव्हा शंभर अनोळखी नंबर टाकून उपयोगही नाही.

नकाराचं कारण लिहून ठेवा

कराडहून फार लांब नाही, तिथे किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा सुरुवातीला घेणारेच मिळेनात. लोखंडाने जमीन खराब होईल, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर चांगला होता, अडचण वेगळीच होती. ती ओळखून, धीर धरून ते लोकांपर्यंत जात राहिले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नकार आला की आपण दोनपैकी एक करतो, वाईट वाटून घेतो किंवा "गिऱ्हाईकच फालतू होतं" म्हणतो. दोन्हीत कारण हरवतं. भावाच्या शीटमध्ये आम्ही "नाही का?" असा रकाना टाकला. दोन महिन्यांनी नऊ नकार जमले होते, त्यातल्या पाच ठिकाणी एकच गोष्ट होती. साध्या सोलर हीटरला गार पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा उंचावर लागते. बऱ्याच घरांत ती उंच नसते, मग स्टँड करावा लागतो. हा खर्च भाऊ फिटिंगच्या दिवशी सांगायचा! लोकांना तो आधी शेजाऱ्यांकडून कळायचा आणि हा माणूस लपवतोय असं वाटायचं. आता कोटेशनमध्येच स्टँडची वेगळी ओळ असते. एकूण आकडा वाढला, पण नकार कमी झाले. किंमत कमी करायची गरजच नव्हती.

रात्रीची दहा मिनिटं आणि सोमवारची सकाळ

विक्री झाली म्हणजे पैसे आले असं नाही, हे धंदेवाल्यांना सांगायला नको. तरी दोन सवयी सांगतो.

पहिली, रोज रात्री दिवसभराचा यूपीआयचा हिशेब बँकेच्या अ‍ॅपशी ताडून बघायचा. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स आहेत. आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच आली. घरचं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. एकत्र असलं की महिनाअखेर नक्की काय उरलं ते कधीच कळत नाही.

दुसरी, वसुलीचा दिवस ठरवा. भावाचा सोमवार आहे, सकाळी दहा ते अकरा फक्त येणी. आधी आठवेल तेव्हा, बहुतेक वेळा स्वतःला पैशांची नड असली की फोन करायचा, आणि आवाजात ते कळायचं. ठरलेल्या वारी शांतपणे फोन गेला की समोरच्यालाही सवय लागते.

मोठी रक्कम अडकली असेल तर कायदा माहीत असू द्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही जास्तीत जास्त ४५ दिवस, द्यायचे असतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मात्र हे संरक्षण उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांना आहे, नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना नाही. भावाचं विक्री आणि बसवणं दोन्ही मिसळलेलं, म्हणून आम्ही सीएला विचारून घेतलं, तुम्हीही विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, ती आधीच करून ठेवा. वाद झाल्यावर धावाधाव करून फायदा मिळेलच असं नाही.

हे सगळं टिकवायचं कसं?

"एकवीस दिवस केलं की सवय लागते" हे तुम्ही ऐकलं असेलच. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकापासून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे "किमान" गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं.

म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही, अजून निम्माही रस्ता झालेला नाही इतकंच.

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक सोपी युक्ती अभ्यासली आहे. "रोज फॉलो-अप करीन" असं न ठरवता "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवायचं. भावाने दोन गोष्टी बांधून घेतल्या. पाचचा चहा समोर आला की त्या दिवसाचे फोन सुरू. आणि गिऱ्हाइकाच्या घरातून बाहेर पडल्यावर, गाडीला किल्ली लावायच्या आधी दोन ओळी बोलून नोंदवायच्या. किल्लीची सवय महिन्याभरात लागली. चहाची लागायला चार महिने गेले, कारण चहाच्या वेळेला हमखास कुणीतरी गप्पा मारायला येतं.

गणपतीत आणि लग्नसराईत त्याची शीट अजूनही लाल होते. मग रविवारी वहिनी ती उघडून बसतात, एकेक नाव वाचतात आणि भाऊ फोन लावतो. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर शीट बनवायच्याही आधी, आज रात्री मागच्या ३० दिवसांच्या चॅट खाली-वर करून फक्त तीन आकडे काढा: चौकश्या किती आल्या, उत्तर किती जणांना गेलं आणि दुसरा फोन किती जणांना झाला.